नाटकाची हँडबिलं ठेवायला घेतलेली ए-थ्री क्लिअर फाईल, साडेतीन वर्षं वापरल्यानंतर

मी हौशी नाटकांचे कागद जमवते. हँडबिलं, स्मरणिका, स्पर्धेची वेळापत्रकं, भिंतीवर लावायची पोस्टरं, कधीकधी तिकिटाचा अर्धा तुकडासुद्धा. व्यावसायिक नाटकांचं काही ठेवत नाही कारण त्यांच्या जाहिराती पेपरात येतात, फोटो निघतात, कुणी ना कुणी ठेवतंच. माझ्याकडे आहेत ती राज्य नाट्य स्पर्धेत एक प्रयोग होऊन थांबलेली नाटकं, कामगार कल्याणच्या स्पर्धेतली, बँकेच्या आणि वीज मंडळाच्या लोकांनी ऑफिस सुटल्यावर तालमी करून उभी केलेली, गणपतीत गल्लीत मांडव घालून केलेली. सुरुवात बाबांच्या ट्रंकेपासून झाली, ते सांगलीत बरीच वर्षं हौशी नाटकांना लाईट्स करायचे, दिवे मंद-प्रखर करायला मिठाच्या पाण्याचे डिमर स्वतः बनवायचे, आणि प्रत्येक नाटकाचं एक हँडबिल घडी करून ट्रंकेत टाकायचे. आता साडेसहाशेच्या आसपास कागद आहेत. ते कशात ठेवायचे यात माझी बरीच वर्षं आणि थोडे कागद गेले, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

घेतलं काय ते आधी सांगते. पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पॉकेटांची फाईल, स्टेशनरीवाले तिला क्लिअर बुक किंवा डिस्प्ले फाईल म्हणतात, ए-थ्री साईझ, ४० पॉकेटं, पॉकेट वरून उघडं, कणा पक्का म्हणजे पानं सुटी होत नाहीत. मला ६४० ला एक पडली, अशा चार घेतल्या, आणि तसल्याच ए-फोरच्या तीन, त्या २३० ला एक. कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण अगदी हाच माल मला तीन वेगवेगळ्या नावांनी दिसलाय, त्यामुळे नावापेक्षा प्लास्टिक कुठलं ते बघा. माझं मत विचाराल तर घ्या. दोन मोठ्या अडचणी आहेत त्या खाली लिहिल्यात, पण या किमतीत कागद न बिघडवणारं दुसरं काही मला मिळालेलं नाही.

प्लास्टिक बघा असं का म्हणतेय तर आधी मी कॉलेजात असताना घेतलेल्या साध्या पॉकेट फायली वापरत होते, त्या मऊ असतात, नव्या रेनकोटसारखा वास येतो, तेव्हा मला वाटायचं मऊ म्हणजे चांगलं. ते पीव्हीसी होतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे मिसळलेलं असतं ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतं, आणि झेरॉक्सची किंवा लेझर प्रिंटची शाई त्याला चिकटते. बाबांच्या संस्थेच्या एका कार्यक्रमाचं लेझर प्रिंट काढलेलं पत्रक मी पंधरा वर्षांनी पॉकेटातून बाहेर काढायला गेले आणि चर्र असा आवाज आला. कागद हातात कोरा व्हायला लागला आणि अक्षरं प्लास्टिकवर राहिली, उलटी. रंगभूषेच्या पुढचं नाव तर पूर्ण प्लास्टिकवर गेलं, आरशात धरून वाचावं लागलं. त्या दिवशी मी बाकीचं काहीच बाहेर काढलं नाही, नुसती बसून राहिले. नंतर पॉकेटंच कडेनं ब्लेडनं कापून एकेक कागद सोडवला, तरी अकरा गेलेच.

त्यामुळे आता कुठलीही फाईल घेतली की पहिलं काम म्हणजे एका पॉकेटाच्या कडेची बोटाएवढी पट्टी कापायची आणि पाण्याच्या ग्लासात बोटानं पूर्ण खाली दाबून सोडायची, वर नुसती ठेवून उपयोग नाही, हवेचा बुडबुडा असला तर फसायला होतं. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर येतं. पीव्हीसी तळाला जाऊन बसतं. पॉलिएस्टरही बुडतं पण ते ओळखू येतं, काचेसारखं स्वच्छ आणि कडक असतं, वाजतं. ही फाईल तरंगली. वासही नाही. साडेतीन वर्षांत एकही अक्षर चिकटलेलं नाही, मी दर दिवाळीला प्रत्येक फाईलमधले पाच-सात कागद मुद्दाम काढून बघते.

दुसरं कारण पूर. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट, आणि आमचं घर गावभागात तळमजल्यावर. ट्रंक आम्ही माळ्यावर टाकली होती, ती वाचली. जुन्या फायलींची दोन खोकी टेबलावर होती, ती गेली पाण्यात. पाणी ओसरल्यावर जे बघितलं ते इथे सांगायलाच हवं कारण मला ते कुठे वाचायला मिळालं नव्हतं. जुनी, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून ट्रेडलवर, म्हणजे जुन्या छोट्या छपाईयंत्रावर, छापलेली हँडबिलं, पातळ गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदाची, ती चिखलातून काढून साध्या पाण्यात अलगद हलवली, दोन टर्किश टॉवेलच्या मध्ये टिपली, पंख्याखाली सतरंजीवर पसरली आणि ती जशीच्या तशी आली! छपाईची शाई तेलकट असते, ती पाण्यानं हलत नाही. उलट २०१० नंतरची, घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेली, ती सगळी निळी-जांभळी झाली, एकावरचं एक अक्षर राहिलं नाही. शाईपेनानं मागे लिहिलेल्या नोंदी गेल्या, पेन्सिलीच्या राहिल्या. आणि गुळगुळीत आर्ट पेपरच्या स्मरणिका, त्या वाळल्यावर वीट झाल्या, पान पानाला कायमचं चिकटलं. त्या ओल्या असतानाच एकेक पान सोडवायला हवं होतं, पण घरात गुडघाभर चिखल असताना ते कोण करणार. तेव्हापासून नोंद फक्त पेन्सिलीनं आणि इंकजेट प्रिंट आलं की त्याची लेझर कॉपी सोबत. या फायलींचं म्हणाल तर पॉकेट वरून उघडं असल्यामुळे पाण्यापासून या तुम्हाला वाचवणार नाहीत, तेवढी अपेक्षा ठेवू नका. मी आता विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर आहे, ते संरक्षण जास्त मोठं.

आता पहिली अडचण, आणि ही घेण्याआधी टेप घेऊन मोजून बघा. आपली जुनी प्रेसं ए-फोर ए-थ्री मध्ये छापायचीच नाहीत. कागद यायचा डेमी आणि क्राऊनमध्ये. क्राऊन म्हणजे १५ बाय २० इंच, त्याचा अर्धा १० बाय १५, तो या फाईलमध्ये आरामात बसतो. डेमी साधारण १८ बाय २३, त्याचा पाव भाग म्हणजे नेहमीचं मोठं हँडबिल, तेही बसतं. पण अर्धा डेमी, साडेअकरा बाय १८, जे हौशी संस्थांचं आवडतं पोस्टर, चौकातल्या बोर्डावर आणि नाट्यगृहाच्या दारात लावायचं, ते बसत नाही. ए-थ्रीची उंची साडेसोळा इंच. दीड इंच पोस्टर वर डोकावतं आणि नेमका तो भाग म्हणजे संस्थेचं नाव असतं. मी पहिल्याच दिवशी उत्साहात एक घातलं आणि वरची कड मुडपली, ती सुरकुती आजही आहे. माझी ४१ अर्ध्या डेमीची पोस्टरं अजून दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, मऊ कागद घालून, कपाटाच्या तळाला आडवी आहेत. त्यासाठी चित्रकलेवाल्यांची ए-टू पोर्टफोलिओ मिळते पण ती हजारांच्या घरात जाते आणि तिचं प्लास्टिक मी अजून तपासलेलं नाही. डबल क्राऊन, २० बाय ३०, तर विसराच. एका मित्रानं मला गडचिरोलीकडच्या वडशाहून झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकाची पोस्टरं आणून दिली, भडक रंगीत, प्रत्येक नटाचा फोटो, खुर्चीचा दर, गादीचा दर सगळं त्यावर, रात्रभर चालणारं नाटक जसं ऐसपैस तसंच पोस्टरही, ती मी नळीत गुंडाळून ठेवलीत. गुंडाळणं चांगलं नाही हे कळतं पण सध्या जागा तीच.

पॉकेट दोन्ही बाजूंनी पारदर्शक असणं ही या फाईलची सगळ्यात कामाची गोष्ट आहे आणि ती मला घेताना कळली नव्हती. हँडबिलाची मागची बाजू कुणी बघत नाही पण अर्धी माहिती तिथेच असते. आपल्या हँडबिलांवर वार असतो, तारीख असते, वेळ रात्रौ ठीक ९।।, म्हणजे साडेनऊ, असते आणि सालच नसतं! ज्यांच्या हातात हँडबिल द्यायचं त्यांना यंदाचं नाटक आहे हे ठाऊकच होतं, लिहायची गरज काय. माझ्याकडे एक आहे, शनिवार दि. १४ नोव्हेंबर, बस. आता १४ नोव्हेंबरला शनिवार कधी होता ते शोधायचं, तर १९७०, १९८१, १९८७, १९९२. मागे एका कापड दुकानाची जाहिरात आहे, तिच्या पत्त्यात सांगली ४१६ ४१६ असं छापलंय, आणि पिन कोड सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९७२ ला, म्हणजे १९७० बाद. पुढच्या बाजूला प्रकाशयोजनेसमोर बाबांचं नाव, आणि बाबांची बदली रत्नागिरीला झाली १९८४ मध्ये, नंतर त्यांनी सांगलीत नाटक केलं नाही. उरलं १९८१. हे सगळं मी फाईल हातात घेऊन, कागद बाहेर न काढता, पान पुढं-मागं करून काढलं. कागद दिव्याखाली तिरपा धरला तर ट्रेडलच्या छपाईचा दाब मागून दिसतो, नाटकाच्या नावाचं मोठं लाकडी अक्षर असतं तिथे कागद किंचित फुगलेला असतो, प्लास्टिकवरून बोट फिरवलं तरी लागतो. बाबांच्या नावाच्या जागी मात्र काही लागत नाही, तो सगळ्यात बारीक टाइप, खाली ओळीत रंगमंच व्यवस्था, पार्श्वसंगीत, विशेष सहाय्य यांच्यात.

आणि त्या खालच्या ओळींसाठीच मी हे जमवते. घाशीराम कोतवाल पहिल्यांदा १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात झालं, पीडीए म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेनं केलं, त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं, ते कुणी विसरणार नाही. पण राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, दरवर्षी केंद्राकेंद्रांवर किती नाटकं होतात, त्यातल्या बहुतेकांचा प्रयोग एकच होतो, आणि त्या नाटकाचा पडदा ओढणारा, प्रॉम्प्टिंग करणारी, चहा आणणारा यांचं नाव जगात फक्त त्या एका हँडबिलावर छापलेलं असतं. तो कागद गेला की गेलं.

गेल्या ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाला, आम्ही एका छोट्या हॉलमध्ये या चार फायली टेबलावर मांडल्या. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर केलं त्यावरून हा दिवस, म्हणून सांगलीत त्या दिवशी नाटकवाले सगळे बाहेर पडतातच. दिवसभरात शंभरेक लोकांनी फायली चाळल्या, थुंकी लावून पानं उलटणारेही होते, आणि कागदांना काहीही झालं नाही, हा या फाईलचा खरा कस मी समजते. एक पंचाहत्तरीच्या मावशी आल्या, एका हँडबिलावर कु. आणि माहेरचं आडनाव असलेल्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ही मी. मग दोन फायली पुढे एका बँकेच्या नाटकात सौ. असलेलं अगदीच वेगळं नाव, तेही त्याच. मी इतकी वर्षं या दोन बायका समजत होते. सुनेनं फोटो काढायला फोन पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या "जरा थांब गं, चष्मा पुसू दे", आणि पुन्हा एकदा दोन्ही नावं वाचली. मी दोन्ही कागद काढून समोरासमोरच्या पॉकेटांत घातले, ते आजही तिथेच आहेत. कणा पक्का असल्यामुळे पानं हलवता येत नाहीत पण कागद हलवता येतात, तेवढं पुरतं. ज्यांना सारखं क्रम बदलायचा असतो त्यांनी रिंगवाली घ्यावी, पण रिंगेच्या भोकांपाशी पॉकेट फाटतं असं मिरजेच्या एका काकांचा अनुभव आहे, त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त कागद आहेत.

दुसरी अडचण, प्रत्येक पॉकेटात येणारा काळा कागद. तो काढून टाका, आल्या आल्या. मी ओला कापूस त्यावर फिरवला तर कापूस राखाडी झाला, म्हणजे दमट हवेत तो रंग हँडबिलालाही लागणार. जुनं हँडबिल आधीच आम्लयुक्त स्वस्त कागदाचं, तपकिरी पडत चाललेलं, त्यात ही भर कशाला. पण नुसता पातळ कागद पॉकेटात उभा राहत नाही, खाली सरकून गोळा होतो, म्हणून मी चित्रकलेच्या दुकानातून ॲसिड-फ्री कार्ट्रिज शीट, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, आणून मापानं कापून घातले. ज्या हँडबिलाच्या मागे मजकूर आहे तिथे पूर्ण शीट न घालता खिडकीसारखा मधला भाग कापून फक्त चौकट ठेवलीये. या कामाला मला दोन रविवार आणि शीटचे साडेचारशे रुपये लागले, ते फाईलच्या किमतीत धरा.

बारीकसारीक सांगायचं तर पॉकेटावर हलका खरखरीतपणा आहे त्यामुळे वरून फोटो काढला तर धूसर येतो, स्कॅनसाठी कागद बाहेर काढावाच लागतो. प्रदर्शनानंतर दोन पॉकेटांची खालची जोडणी उसवलेली सापडली, १६० मधली दोन, मला ते चालतं. भरलेली फाईल जड होते, कपाटात उभी ठेवू नका, कागद वाकतात, आडव्या ठेवा आणि एकावर एक दोनच. कसर अजून लागलेली नाही, मी प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी कपाट उघडं टाकते. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल, तिकडे जत्रेतल्या नाटकांचे कागद खूप छान असतात पण हवा इतकी दमट, तर पुड्या महिन्याला बदला. आणि कृपा करून काहीही लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन परत निघत नाही, आणि सेलोटेपचा गोंद तपकिरी होऊन कागदातून आरपार जातो, माझ्याकडे अशी दोन आहेत, नटाच्या चेहऱ्यावरच पट्टा.

वीस-बावीस अगदी दुर्मिळ कागदांसाठी मी पॉलिएस्टरची सुटी पाकिटं घेतलीत, ती महाग आहेत पण बघताना मध्ये काही आहे असं वाटतच नाही. सगळं त्यात ठेवणं मला परवडणार नाही, साडेसहाशे कागदांना ही फाईल ठीक आहे. पाचपैकी चार देईन, एक गुण अर्ध्या डेमीसाठी आणि काळ्या कागदासाठी कापला.

आता अडचण वेगळीच आहे, संस्था कागदच छापत नाहीत. व्हॉट्सॲपवर एक जेपीजी येते, त्यात लेखक, दिग्दर्शक आणि तीन मोठे चेहरे, बाकीची नावं "आणि टीम". या वेळच्या स्पर्धेत एका ग्रुपच्या मुलांना मी आधीच फोन करून म्हटलं की अरे, पन्नास तरी छापा, सगळ्यांची नावं घाला, छपाईचे पैसे मी देते. त्यांनी छापली, साध्या पांढऱ्या कागदावर, लेझरवर, ए-फोर. प्रयोग संपल्यावर लाईट्सवाला मुलगा दारात हँडबिल घेऊन आला, त्याच्या आडनावात एक वेलांटी चुकली होती, ती त्यानं पेननं दुरुस्त केली होती आणि म्हणाला ताई हे घ्या, बरोबरवालं. मी घरी येऊन मागे पेन्सिलीनं साल लिहिलं आणि ए-फोरच्या तिसऱ्या फाईलमध्ये एकतिसाव्या पॉकेटात घातलं. अजून नऊ रिकामी आहेत.